मुरलेली बीअर

(पडद्यावर: झाकण उघडतं. बीअर ग्लासात ओतली जाते.)

आधी रंग बघून घ्या. फिकट सोनेरी, काठाशी किंचित पिवळसर. वर आलेला पांढरा फेस लगेच बसायलाही लागला.

ही पेट्रुस एज्ड पेल. बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्स भागातल्या बाविकहोव्हे गावची. तिथं १८९४ पासून दे ब्राबांदेरे घराण्याची ब्रुअरी आहे. मद्यार्क ७.३ टक्के.

ग्लास नाकाशी धरला की आधी हिरव्या सफरचंदाचा वास येतो. मग ओल्या लाकडाचा, बंद माळ्यावरची जुनी पेटी उघडल्यावर येतो तसा.

आता घोट घेऊ.

आंबट! गाल आत ओढले जातात, जिभेच्या कडांना पाणी सुटतं. पण लिंबू कसं झटकन चावून निघून जातं, तसं हे नाही. हा आंबटपणा पसरतो आणि रेंगाळतो. दह्याला आंबट करणारं लॅक्टिक आम्लच इथंही आहे. आंबट ओसरतं तोवर दुसरी चव वर येते, तुरट. आवळा चावल्यावर दातांवरून जीभ फिरवावी, अगदी तशी. ही तुरट चव लाकडाची आहे. गोडवा शोधला तरी सापडत नाही. जंतूंनी साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकली आहे.

(पडद्यावर: ओकच्या उभ्या पिंपांची रांग.)

साधी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बीअर, काही आठवड्यांत तयार होते. ही २४ महिने ओकच्या पिंपात राहते. माणसापेक्षा कितीतरी उंच असलेल्या या पिंपांना तिथं ‘फूडर’ म्हणतात. स्टीलच्या टाकीत हे घडलं नसतं. लाकडाला बारीक छिद्रं असतात. त्यातून हवा अगदी थोडी, अगदी हळू आत झिरपते, आणि त्याच छिद्रांत जिवाणूंची, रानटी यीस्टची वस्ती असते. पिंप कितीही धुतलं तरी ती पुरती जात नाही, आणि ती जाऊही नये. प्रत्येक पिंपाची वस्ती थोडी वेगळी, म्हणून चवही वेगळी. शेवटी चाखून ठरवणारा माणूसच लागतो.

मराठीत याला नेमका शब्द आहे, मुरणं. लोणचं मुरतं, तशी ही बीअर मुरते. कुठल्याही यंत्राला तिची घाई करता येत नाही.

आणि ही बीअर खरं तर अशी नुसती प्यायला केलेलीच नव्हती. पेट्रुसची तपकिरी बीअर, औद ब्राउन, तिला आंबट धार यावी म्हणून यातली थोडी तिच्यात मिसळायची, एवढंच हिचं काम. मग मायकल जॅक्सन तिथं आले. हे गायक नव्हेत. बीअरवर आयुष्यभर लिहिणारे ब्रिटिश लेखक, १९४२ ते २००७. त्यांनी ही पिंपातली बीअर चाखली आणि ती अशीच, काहीही न मिसळता बाटलीत भरावी असा आग्रह धरला. ब्रुअरीनं तो मानला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पडद्यामागे राबणारी चव एका जाणत्या जिभेनं ओळखली.

(पडद्यावर: अर्धा रिकामा ग्लास, खिडकीतलं ऊन.)

ग्लास अर्धा झालाय. थंडी उतरली आहे, आणि आता वास बदललाय. सफरचंद मागे सरकलं, लाकूड पुढे आलं. ओठांवर अजून तुरटपणा आहे. पुढचा घोट जरा थांबून घेते.