प्रश्न उद्भवत नाही

नोकरीतली बरीच वर्षं मी विधिमंडळातल्या प्रश्नांची उत्तरं लिहिली. म्हणजे मसुदा माझा, वाचायचं मंत्र्यांनी. तुमच्यापैकी ज्यांनी सरकारी नोकरी केली असेल त्यांना साचा पाठ असणार. ‘हे खरे आहे काय?’ ‘असल्यास, चौकशीत काय आढळून आले?’ ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ आमच्याकडून जायचं, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, आणि सगळ्यांत रामबाण, ‘प्रश्न उद्भवत नाही’. ही भाषा आमच्याच पिढीच्या कारकुनांनी घडवली असं मला वाटायचं. निवृत्तीनंतर मुंबई लेजिस्लेटिव्ह काउन्सिलचे १९२१ नंतरचे इंग्रजी खंड चाळायला बसलो, तर आमचे खापरपणजोबा तिथे आधीच बसलेले.

प्रश्न विचारायचा हक्क कसा मिळाला ते थोडक्यात सांगतो. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारता येऊ लागला, पण उत्तर मिळालं की गप्प बसायचं. १९०९ मध्ये उपप्रश्नाची मुभा आली, तीही ज्याचा मूळ प्रश्न त्यालाच. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी ती सगळ्या सभासदांना दिली. ही बाब किरकोळ वाटते, पण माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर कचेरीतला माणूस सावकाश, चहा पिऊन लिहितो. उपप्रश्न अंगावर येतो तेव्हा मंत्री एकटा असतो. फाईल हातात असते, पण उत्तराचं पान तिच्यात नसतं.

आता हा मंत्री कोण? १९२१ पासून मुंबई इलाख्यात द्विदल राज्यपद्धती आली. सिंधपासून कारवारपर्यंतचा इलाखा, आणि कारभाराचे दोन तुकडे. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, अबकारी ही ‘सोपीव’ खाती काउन्सिलातल्या मंत्र्यांकडे. पोलीस, तुरुंग, जमीनमहसूल, पाटबंधारे आणि मुख्य म्हणजे अर्थ ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. म्हणजे शाळा का नाही, दवाखाना का नाही, विहिरीला पाणी का नाही, याचं उत्तर मंत्र्याने द्यायचं. तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.

पहिले शिक्षणमंत्री रघुनाथराव परांजपे. केंब्रिजचे सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले; १८९९ साली तो मान मिळवणारे पहिले भारतीय. इतका मोठा गणिती, पण अंदाजपत्रकातली वजाबाकी त्यांच्या हातात नव्हती! १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा पाहा. शाळा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे सोपवल्या, सक्तीच्या शिक्षणाची योजना त्यांनी आखायची, वाढीव खर्चाचा वाटा सरकारने उचलायचा. योजना आखल्या गेल्या आणि पैशावाचून अडल्या. मग सभासद विचारणार, अमुक जिल्ह्याच्या योजनेचं काय झालं? अशा वेळी मंत्री खोटं बोलत नसतो. बिचाऱ्याकडे सांगायला काही नसतं. अशी उत्तरं मीही लिहिली आहेत, म्हणून ती मला लांबून ओळखू येतात.

या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं ते डॉ. आंबेडकरांनी. १९२७ साली ते नामनियुक्त सभासद म्हणून आले आणि मार्चमध्ये शिक्षणाच्या मागणीवर बोलले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी दोन रुपये, दोन आणे, नऊ पै गोळा करतं. दारूतून जेवढं घेता, निदान तेवढं तरी शिकवण्यावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही खाती सोपीवच, म्हणजे ‘हे माझ्याकडे येत नाही’ ही वाटही बंद. आणि तो हिशेब बघा, पैपर्यंतचा. मोघम तक्रारीला मोघम उत्तर देता येतं. नऊ पैला काय उत्तर द्याल?

त्याच्या आधी काउन्सिलचे सभासद सी. के. बोले यांचा ठराव. ऑगस्ट १९२३. सरकारी पैशाने बांधलेले, सांभाळलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला, सरकारने सप्टेंबरात खात्यांना आदेश काढला. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद पुरा! तळ्याला हात लावायची हिंमत मात्र कोणाची झाली नाही. १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले: जी बोर्डं आणि नगरपालिका हे पाळणार नाहीत त्यांचं अनुदान बंद करा. शेवटी २० मार्च १९२७ ला लोक स्वतःच तळ्यावर गेले. तारखा जुळवून पाहा. माणशी चौदा आण्यांचं भाषण १२ मार्चचं, तळं आठ दिवसांनी.

राखीव बाजूची कथा वेगळी. गव्हर्नर लॉईड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट खातं काढलं. मुंबईच्या बॅकबेत, समुद्रात ११४५ एकर भराव घालायचा आणि गिरणी कामगारांना हजारो खोल्या बांधून द्यायच्या. भरावाची भिंत गळकी निघाली. आत टाकलेला गाळ पुन्हा समुद्रात. वकील के. एफ. नरिमन यांनी काउन्सिलात आणि बाहेर पिच्छा पुरवला. १९२६ मध्ये चौकशी समिती बसली, एका इंजिनिअरने नरिमनांवरच अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. खोल्यांचं म्हणाल तर त्या आपल्या बीडीडी चाळी, म्हणजे याच बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या. वरळीच्या चाळी कित्येक वर्षं बऱ्याचशा रिकाम्याच होत्या. १९३० च्या चळवळीत सरकारने त्यांतल्या काहींचा तात्पुरता तुरुंग केला, तेव्हा कुठे माणसं राहायला आली!

१९३५ च्या कायद्याने प्रांतातली द्विदल पद्धत संपली. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर मुंबईचे पंतप्रधान झाले (मुख्यमंत्र्याला तेव्हा तसंच म्हणत) आणि पोलिसांपासून तिजोरीपर्यंत सगळ्याचं उत्तर निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आलं. समोर आंबेडकर, जमनादास मेहता. ‘ते दुसऱ्याकडे आहे’ म्हणायची सोय संपली. मसुदे लिहिणाऱ्यांचे काय हाल झाले असतील ते मी समजू शकतो. पण हे जेमतेम सव्वादोन वर्षं. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, त्याच कायद्याच्या कलम ९३ खाली कारभार गव्हर्नरकडे गेला, आणि १९४६ पर्यंत सभागृहात कोणी कोणाला काही विचारलं नाही. मी वाचायला बसायचो त्या ग्रंथालयात १९३९ चा शेवटचा खंड आणि १९४६ चा पहिला खंड कपाटात एकमेकांना खेटून उभे आहेत. मध्ये बोटभरही जागा नाही.