सोस्यूर यांचा हरवलेला ध्वनी

फर्दिनां द सोस्यूर हे नाव भाषाविज्ञानाच्या वर्गात पहिल्या काही दिवसांतच कानावर पडतं. ज्या ग्रंथामुळे ते पडतं, तो 1916 साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून दोन सहकाऱ्यांनी सिद्ध केला. सोस्यूर यांनी स्वतः लिहिलेला मोठा ग्रंथ एकच, आणि तो वयाच्या एकविसाव्या वर्षी लिहिलेला. खरं तर आधी सांगायला हवी ती त्याचीच गोष्ट.

जन्म 1857 चा, जिनिव्हाचा. 1876 मध्ये ते लाइप्झिगला शिकायला गेले. तुलनात्मक भाषाशास्त्राची तेव्हाची ती पंढरीच. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या, हे तोवर मान्य झालं होतं. त्या मूळ भाषेत स्वर कोणते होते, यावर मात्र वाद पेटला होता.

याच प्रश्नावरच्या आपल्या त्या ग्रंथात सोस्यूर संस्कृत धातूंकडे वळले. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना गण, म्हणजे रूपं कशी चालतात यावरून पाडलेले धातूंचे गट, आठवत असतील. सातव्या गणात 'युज्'च्या पोटात 'न' शिरतो: युनक्ति. नवव्या गणात 'पू'ला 'ना' लागतो: पुनाति. व्याकरणात हे दोन वेगळे गण. सोस्यूर म्हणाले, प्रक्रिया एकच आहे! 'युज्'च्या शेवटी जसा 'ज्', तसा 'पू'च्या शेवटीही एक ध्वनी होता. 'न' त्याच्याआधी शिरला. पुढे तो ध्वनी लोपला आणि जाता जाता 'न'चा 'ना' करून गेला. 'पूत'मधला ऊ दीर्घ का, याचंही उत्तर तेच.

हा ध्वनी तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच भगिनीभाषेत जसाच्या तसा सापडत नव्हता. बहुतेक जर्मन पंडितांनी ही मांडणी बाजूला सारली.

पुढे दहा वर्षं पॅरिसमध्ये अध्यापन. 1891 पासून जिनिव्हात संस्कृत. लेखन आटत गेलं. भाषेविषयी शहाणपणाच्या दहा ओळी लिहिणंही अवघड झालंय, असं त्यांनी 1894 मध्ये आपले विद्यार्थी आंत्वान मेये यांना कळवलं. इतक्या बुद्धिमान माणसाची ही घुसमट वाचताना आजही वाईट वाटतं.

1913 मध्ये ते गेले. दोनच वर्षांनी चेक अभ्यासक बेद्रिख ह्रोझ्नी यांनी तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या फलकांवरची प्राचीन हित्ती भाषा उलगडली. ती संस्कृत-ग्रीकच्याच कुळातली निघाली. 1927 मध्ये पोलंडचे येझी कुरिलोविच यांनी दाखवून दिलं, की सोस्यूर यांनी हरवलेला ध्वनी मानला होता अशा अनेक जागी हित्तीत 'ह'सारखा ध्वनी चक्क लिहिलेला आहे. संस्कृत 'अस्थि'चं हित्ती भावंड आहे 'हस्ताइ'. आज अभ्यासक या ध्वनींना लॅरिंजल म्हणतात आणि मूळ भाषेत ते बहुधा तीन मानतात.