व्हायरस न्यूरॉनमधली वाहतूक कशी अडवतो?

मायक्रोस्कोपखाली न्यूरॉनमध्ये, म्हणजे चेतापेशीत, जे ठिपके सरकताना दिसतात ना, ते मायटोकॉन्ड्रिया. शाळेत पेशीचं पॉवरहाऊस म्हणून घोकलेले तेच, फक्त न्यूरॉनमध्ये ते एका जागी बसून राहत नाहीत, कारण ॲक्सॉन, म्हणजे न्यूरॉनची सिग्नल नेणारी तार, कधीकधी मीटरभर लांब असतो आणि जिथे एनर्जी हवी तिथे यांना जावं लागतं. ओढून नेतं ते कायनेसिन नावाचं मोटर प्रोटीन, आणि दोघांना जोडून ठेवणाऱ्यांत एक महत्त्वाचं प्रोटीन म्हणजे मिरो.

मिरोला एसटीचा कंडक्टर समजा. कॅल्शियम वाढलं की एक बेल, गाडी थांबली. आता हे बरोबरच आहे, कॅल्शियम वाढलं म्हणजे तिथे सिग्नलची धावपळ चाललीय, एनर्जी लागणार, मग उतरा इथेच. एरवी पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण 10,000 पट कमी असतं, म्हणून जरासं आत शिरलं तरी लगेच जाणवतं.

2012 मध्ये प्रिन्स्टनच्या ताल क्रेमर आणि लिन एन्क्विस्ट यांनी उंदराच्या न्यूरॉन्समध्ये दोन हर्पिस व्हायरस सोडले. एक ओठावर फोड आणणारा एचएसव्ही-1, दुसरा डुकरांमधला स्यूडोरेबीज, ज्याचा खऱ्या रेबीजशी काही संबंध नाही. दोन्हींत मायटोकॉन्ड्रियाची ये-जा मंदावली, आकारही बिघडले.

कसं, ते स्यूडोरेबीजमध्ये नीट कळलं. या व्हायरसचं जीबी नावाचं प्रोटीन शेजारशेजारच्या न्यूरॉन्सची आवरणं एकमेकांत मिसळवतं, मग एकाचा करंट थेट दुसऱ्यात जातो, सगळेच नको तितके फायर होत, म्हणजे सिग्नल सोडत राहतात आणि कॅल्शियम चढतं. मिरो बिचारा नियमानेच वागतो, कायनेसिन सुटतं, मायटोकॉन्ड्रिया जागच्या जागी. तोडफोड काही नाही, पेशीचाच नियम पेशीवर उलटवलाय, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात डोकेबाज वाटते.

पण व्हायरसला याचा फायदा खरंच होतो का? तेही तपासलं. कॅल्शियम ओळखूच न शकणारा मिरो पेशीत बसवला, तेव्हा मायटोकॉन्ड्रिया पुन्हा फिरायला लागले आणि व्हायरसची वाढ नि पसरणं दोन्ही घटलं.

एक लक्षात ठेवा, हे न्यूरॉन मेंदूतले नव्हते, मानेजवळच्या गँग्लियातले, म्हणजे मेंदूबाहेरच्या न्यूरॉन्सच्या पुंजक्यातले होते, तेही डिशमध्ये वाढवलेले. माणसात एचएसव्ही-1 बहुतेक वेळा चेहऱ्याच्या नसांच्या गँग्लियातच दडून राहतो, मेंदूत क्वचितच पोचतो, पण पोचला तर टेम्पोरल लोबला, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाला, सूज येते आणि असायक्लोव्हिर हे व्हायरसविरोधी औषध सुरू करायला एक दिवसाचा उशीरही महागात पडतो.