ट्रक कुणाचा, तंबू कुठे?

(गिर्यारोहण मंडळाच्या मासिक बैठकीतलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. मघाशी ओळख करून देताना मला आफ्रिकेची तज्ज्ञ म्हटलं गेलं. तसं काही नाही हो. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. दोनदा ट्रकमधून हिंडले. एकदा केप टाउनहून व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत आणि एकदा नैरोबीहून टांझानियात. पहिल्या वेळी कंपनी निवडताना चुकले, म्हणून कंपनी कशी निवडायची ते सांगायला आज तुमच्यासमोर उभी आहे.

आधी हा ओव्हरलँड सहलीचा प्रकार काय आहे ते सांगते, कारण आपल्याकडच्या ग्रुप टूरशी त्याचं काही नातं नाही. आपल्या टूरमध्ये आचारी बरोबर, संध्याकाळी हॉटेलात पोळी-भाजी, सकाळी जीप दारात. ओव्हरलँड म्हणजे वीस-बावीस माणसं, एक उंच ट्रक आणि तंबू. १९७०च्या दशकात इंग्लंडमधली पोरं लष्कराचे जुने बेडफर्ड ट्रक घेऊन सहारा ओलांडून नैरोबीपर्यंत जायची. पुढे अल्जीरियात यादवी पेटली आणि तो रस्ता बंद पडला, पण रीत तीच राहिली. तंबू आपण लावायचा, कांदा आपण चिरायचा, भांडी आपण घासायची. तुम्हा ट्रेकवाल्यांना यात नवीन काही नाही. शिधा वाटून घेऊन राजगडावर चूल मांडणारी माणसं तुम्ही.

भांड्यांचं मात्र सांगायला हवं. तीन घमेली ओळीने मांडलेली. पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात जंतुनाशक. मग पुसायचं नाही, कारण फडक्यातूनच पोट बिघडायचं दुखणं पसरतं. दोन्ही हातांत ताटल्या धरून हवेत फडफडवायच्या, वाळेपर्यंत. त्याला फ्लॅपिंग म्हणतात. बावीस माणसं अंधारात पंखांसारखे हात हलवताहेत, असं ते दृश्य! ज्या कंपनीचा ट्रक हे न सांगता करून घेतो, तिथल्या स्वयंपाकघराची काळजी नको.

आता मुद्द्याकडे येते. माहितीपत्रकं चाळताना आपण काय बघतो? सिंह, हत्ती, गेंडा. सगळ्यांच्या कागदावर तेच. उद्यानं सरकारची, प्रवेश फी सगळ्यांना द्यावी लागते, आणि हत्ती कुठल्या कंपनीचा ट्रक आहे ते बघत नाही. प्राण्यांवरून कंपनी निवडणं म्हणजे समुद्र बघून एसटी निवडण्यासारखं आहे. फरक पडतो तो ट्रकमध्ये, ट्रक चालवणाऱ्यांत आणि रात्रीच्या मुक्कामात.

माझी चूक मुक्कामाचीच. नामिबियात सोसुसव्ले नावाची जागा आहे, लाल वाळूच्या डोंगरांची. तिथली ड्यून ४५ ही प्रसिद्ध टेकडी उद्यानाच्या सेसरियम फाटकापासून ४५ किलोमीटरवर आहे, म्हणून ते नाव. फाटकं दोन आहेत. बाहेरचं सूर्योदयाला उघडतं. उद्यानाच्या आतल्या कॅम्पवर जे राहिलेत, त्यांच्यासाठी आतलं फाटक तासभर आधी उघडतं. आमच्या पत्रकात लिहिलं होतं, ‘सकाळी ड्यून ४५’. मी मनातल्या मनात सूर्योदय बघून टाकला. प्रत्यक्षात आमचा तंबू बाहेर होता. पहाटे उठून, थंडीत कुडकुडत, ट्रकमध्ये बसून आम्ही बंद फाटकाकडे बघत होतो आणि आतल्या गाड्यांचे दिवे लांब जाताना दिसत होते. आम्ही टेकडीवर पोचलो तेव्हा सूर्य चांगला वर आलेला. सावलीची ती काळी धार, जिच्यासाठी लोक जातात, ती निम्मी पुसली गेली होती. तक्रार तरी कशी करायची? सकाळ होतीच की!

नामिबियातल्याच एटोशा उद्यानातही हेच. तिथे फाटकं सूर्यास्ताला बंद होतात. ओकाउकुएजो कॅम्प आत आहे, आणि त्याच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. तिथे आम्ही राहिलो होतो, तेवढं मात्र नशीब. पांघरूण गुंडाळून भिंतीशी बसले होते. अकराच्या सुमारास एक काळा गेंडा आला, पाणी प्यायला आणि आपल्याच प्रतिबिंबाकडे बघत बराच वेळ नुसता उभा राहिला. कुणी बोललं नाही. कॅमेऱ्यांचे आवाजसुद्धा थांबले होते. बाहेर राहणाऱ्यांना संध्याकाळीच निघावं लागतं. म्हणून प्रत्येक रात्रीच्या कॅम्पचं नाव विचारा आणि नकाशावर बोट ठेवा. उद्यानाजवळ, उद्यानालगत, उद्यानाच्या वाटेवर हे सगळे शब्द बाहेरचेच.

दुसरं, ट्रक तुमचा स्वतःचा आहे का? हे सरळ विचारायचं. आमच्या ट्रकमध्ये तीन निरनिराळ्या कंपन्यांकडून आलेली माणसं होती, तिघांचे दर वेगळे, ट्रक एकच. विकणारा लंडनला, चालवणारा केप टाउनचा. यात फसवणूक नाही, पण गिअरबॉक्स बिघडला तर फोन कुणाला करायचा ते आधी कळलेलं बरं. चालवणारा आणि गाइड एकच माणूस आहे की दोन, हेही विचारा. दिवसभर नामिबियाच्या खडीच्या रस्त्यावर स्टीअरिंग धरून संध्याकाळी त्यानेच स्वयंपाक करायचा असेल, तर दहाव्या दिवशी त्याचा चेहरा बघवत नाही. त्या रस्त्याला ते लोक हसत आफ्रिकन मसाज म्हणतात. पाठीचं दुखणं असेल तर हसू येणार नाही.

केप टाउन ते व्हिक्टोरिया धबधबा साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास पडतं, वीसेक दिवसांत. त्याला वीसने भागू नका! काही दिवस एकाच जागी जातात, बोट्सवानातल्या ओकावांगोच्या पाणथळीत तर मकोरोत, म्हणजे लांब अरुंद होडीत बसून लव्हाळ्यांतून जायचं असतं, ट्रक मागेच राहतो. मग उरलेल्या दिवसांवर किलोमीटर चढतात. दिवसागणिक किलोमीटर आणि तास लिहून देते ती कंपनी प्रामाणिक. ‘निसर्गरम्य प्रवास’ असं लिहिलं असेल तर समजायचं, आठ-नऊ तास.

पैशांचं थोडक्यात सांगते. जाहिरातीतला आकडा आणि खर्च यांत बरंच अंतर असतं. काही कंपन्या स्थानिक खर्चाची रक्कम पहिल्या दिवशी रोख डॉलरमध्ये घेतात, आणि नोटा नव्या लागतात, चुरगळलेली नोट परत करतात. गोरिला बघायचे असतील तर परवाना बहुतेकदा वेगळा. रवांडात माणशी १,५०० डॉलर, शेजारच्या युगांडात ८००, आणि गोरिलांसोबत मिळतो एक तास. टांझानियातल्या एनगोरोंगोरोच्या विवरात मोठा ट्रक उतरत नाही, जीप घ्यावी लागते. ती दरात आहे का?

व्हिसाचं पान कंपनीने ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन माणसासाठी लिहिलेलं असतं. आपला निळा पासपोर्ट तिथे नसतोच. प्रत्येक सीमेचं आपणच बघायचं, ट्रक थांबत नाही. आणि केनिया, युगांडाला जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर मुंबईत सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. मुलगी विमानतळावर घ्यायला आलेली आणि तुम्ही काचेच्या पलीकडे!

(प्रश्न: शाकाहारी माणसाचं कसं होतं?)

होतं. पण नोंदणी करताना नुसतं ‘व्हेज’ लिहू नका. मासे आणि चिकन चालतं असं त्यांना वाटतं. काय खात नाही ते लिहा आणि डाळ, चणे, अंडी यांतलं काय चालतं तेही. मी मसाल्याची एक डबी नेली होती. बोट्सवानाच्या वाटेवरच्या तपासनाक्यांवर कच्चं मांस आणि दूध बघतात, लाळ्या-खुरकुताच्या भीतीने. सगळ्यांना खाली उतरवून बूट ओल्या पोत्यावर पुसायला लावतात. तिथल्या तपासनिसाने माझी डबी उघडून वास घेतला, शिंकला बिचारा आणि परत दिली.

(प्रश्न: वय?)

काही सहली फक्त तरुणांसाठी असतात, ते आधी बघा. बाकी ठिकाणी शिडी चढता येणं आणि जमिनीवरून उठता येणं, एवढंच. आमच्यात एक सत्तरीच्या बाई होत्या, तंबू सगळ्यांच्या आधी त्यांचा लागायचा.

ज्यांनी आपापली माहितीपत्रकं आणली आहेत त्यांनी पुढे या. नकाशा या टेबलावर पसरते, कॅम्पच्या नावांपासून सुरुवात करू.