विमान कुठल्या सालचं, हे विचारू नका

नमस्कार मंडळी. होटगी रोडच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली, तसं सोलापुरातून एक प्रश्न वारंवार येतो. पोराला पायलट करायचंय, पण फ्लाइंग स्कूलमधलं विमान बापाच्या वयाचं आहे. पाठवायचं का?

विमान जुनं असतं, हे खरंच. सेस्ना 152 बनायचं थांबलं 1985 मध्ये, आणि ती विमानं आजही शिकवतायत. पण सालावर जाऊ नका.

एप्रिल 2018, अमेरिकेतलं डेटोना बीच. ट्रेनिंगच्या पायपर ॲरोचा डावा पंख हवेतच तुटला. विद्यार्थी आणि परीक्षक, दोघंही गेले. विमान होतं 2007 सालचं, म्हणजे तसं नवंच! पण उडून झालं होतं जवळपास 7,700 तास. पंखाचा सगळा भार ज्या स्पारवर, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईवर असतो, त्यात बोल्टच्या भोकापाशी तडा गेला होता. वरून बघून तो दिसत नाही. शिकाऊ विमान दिवसभर उतरतं, लगेच चढतं, खालच्या हवेत हिसके खातं. धातू थकतो तो यानं. पुढं 2021 मध्ये अमेरिकेनं अशा बऱ्याच पायपर विमानांना एडी करंट तपासणी सक्तीची केली. विजेच्या प्रवाहानं लपलेला तडा हुडकायचा.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जुना माग घेताना जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, कोण होता, हे आधी विचारतात ना? इथंही तेच विचारा. दर 100 तासांची तपासणी कोण करतं? इंजिन ओव्हरहॉल होऊन, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त होऊन, किती तास झाले? विमान हँगरमध्ये असतं की उघड्यावर? कोकण किनाऱ्यावर राहिलेलं असेल तर गंजाचं तर जरूर विचारा.

आणि एक गोष्ट स्वतः करून बघा. सेस्नात बसा, सीट जागेवर अडकवा, पाय रोवून मागं रेटा. सीटच्या रुळाला भोकं असतात, त्यात पिन बसते. वर्षानुवर्षांच्या वापरानं भोकं लांबट होतात, पिन सुटते. टेकऑफला नाक वर उचललं की सीट मागं घसरते आणि हातातलं कंट्रोलही सोबत ओढलं जातं. यात माणसं दगावलीत. म्हणून या रुळांच्या तपासणीचा वेगळा आदेशच आहे.

कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात. एवढे तास पोरगं ज्यात बसणार, त्या विमानाचं लॉगबुक मागा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर फी भरू नका.