गोफण, गोकाक आणि आमचं पाठांतर

(एका व्याख्यानमालेतील भाषण, थोडं संपादित करून)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'प्रक्षेप्य गतीची उदाहरणं कशी सोडवावीत'. प्रक्षेप्य म्हणजे फेकलेली वस्तू. मागच्या रांगेत पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, पोरं दिसताहेत, घरून धाडलेली. बसा की. कुंदा, आपली खव्याची मिठाई, शेवटी वाटणार आहेत, त्यामुळे उठायची सोय नाही तुम्हाला.

आधी गोफण. निपाणीकडे मामांचा मळा होता. सगळी तंबाखू, कडेला खाण्यापुरता शाळू. कणसं भरली की मामा माळ्यावर चढायचे आणि पाखरं हाकायचे. मी सातवीत. माझा धोंडा एक तर पुढ्यातल्याच ताटांत शिरायचा, नाही तर मागं जायचा. मागं मामी भाकरी घेऊन येत असायच्या. त्या काय म्हणायच्या ते इथं सांगत नाही, अध्यक्षबाईंना मान आहे. गोफणीतून सुटलेला धोंडा वर्तुळाच्या स्पर्शरेषेनं जातो, हे मला कॉलेजात कळलं. मामांच्या बोटांना ते आधीच ठाऊक. मी विचारलं, "मामा, नेम कसा धरता वो?" तर म्हणाले, "धोंडा खाली यायच्या आत पाखरापतोर गेला पायजे. एवढंच बघायचं."

सगळं प्रकरण एवढंच आहे. खाली यायला किती वेळ, आणि तेवढ्या वेळात पुढं किती. गॅलिलिओनं १६३८ साली पुस्तकात छापलं तेही हेच: आडवी चाल आपल्या वेगानं चालू राहते, उभी पडत राहते, दोन्ही मिळून परवलय होतं, म्हणजे धोंड्याची ती कमानदार वाट. मामांनी गॅलिलिओ वाचला नव्हता. गॅलिलिओनं शाळू राखला नव्हता.

आता तक्रार. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर पीयूसीत जातं आणि प्रक्षेप्याचं प्रोजेक्टाइल होतं. होऊ दे. पण त्या गडबडीत धोंडाच हरवतो. उरतं काय, तर 'यू स्क्वेअर साइन टू थीटा बाय जी'. यू म्हणजे फेकीचा वेग, थीटा कोन, जी गुरुत्वत्वरण. पल्ला, म्हणजे धोंडा आडवा किती लांब गेला, ते विचारलं की हे ठोकायचं! मी एकदा परीक्षेत ते न लिहिता आधी वेळ काढला, मग अंतर. उत्तर बरोबर, गुण निम्मे. लाल शाईत शेरा: 'सूत्र?' ते प्रश्नचिन्ह मला अजून दिसतं. त्या परीक्षकांना एकदा माळ्यावर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पटापट.

गोकाकचा धबधबा, उंची सुमारे ५२ मीटर. काठावरून सेकंदाला १० मीटर वेगानं, आडव्या रेषेच्या ३० अंश वर, दगड फेकला. हवेचा अडथळा सोडून द्या. कागदाचे दोन भाग करा. उभ्या भागात वर ५, आडव्यात ८.६६. वर धन, खाली ऋण, हे पहिल्या ओळीतच ठरवा. निम्मी पोरं इथंच घसरतात. उणे ५२ बरोबर ५ टी वजा ४.९ टी वर्ग; टी म्हणजे वेळ, ४.९ म्हणजे जीचा निम्मा. वेळ ३.८ सेकंद. हा एकच आकडा रेघ ओलांडून पलीकडे न्यायचा. ८.६६ गुणिले ३.८, म्हणजे ३३ मीटर.

'४५ अंशांत पल्ला सर्वांत जास्त' या पाठांतराचंही असंच. सुटायची आणि पडायची पातळी एक असेल तरच पल्ला तिथं सर्वांत जास्त. उंचावरून फेकताना कोन त्याहून कमी लागतो.

आणि ते पाठ केलेलं सूत्र गोकाकला लावलं तर उत्तर येतं ८.८ मीटर. दगड तिथं असतो, खोटं नाही. फक्त त्याच्याखाली अजून ५२ मीटर घटप्रभा नदीचे तुषार असतात.