तळपाय गार लागले की

मंगळवेढ्याहून, करमाळ्याहून मूल आमच्याकडे येतं, तेव्हा आई हमखास म्हणते, "डॉक्टर, सकाळपर्यंत खेळत होतं हो!" ती खरंच सांगत असते. मुलाचं शरीर फार सोशिक. जुलाबांनी अंगातलं पाणी आटलं, जंतू रक्तात उतरले, तरी ते हृदयाचे ठोके वाढवतं, हातापायांचं रक्त आखडतं घेऊन मेंदूला पुरवतं. रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतो. तो पडतो सगळ्यात शेवटी, आणि तोवर हातातला बहुतेक वेळ गेलेला असतो.

म्हणून मुलांच्या अतिदक्षता विभागात आम्ही बीपीच्या आकड्याआधी तळपायाला हात लावतो. ताप चढताना पाय गार पडतातच, त्याने घाबरू नका. पण ताप उतरूनही ते गारच राहिले, मूल मलूल पडलं, लघवी झाली नाही, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. विंचू चावल्यावर मूल उलट्या करतंय, घामाने भिजलंय, हातपाय गार आहेत, तरीही तेच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे स्वस्त औषध किती जीव वाचवतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलंय. मात्र ते वेळेत पोटात जायला हवं. मंत्र-उताऱ्यात गेलेला तास आम्हाला परत आणता येत नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. गावच्या आशा स्वयंसेविका ताई, बाळाचा सदरा वर करा, मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०. एवढा भरला तर तो जलद. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर मूल दमत चाललंय.

"व्हेंटिलेटरवर टाकलं म्हणजे संपलं" हे मी रोज ऐकतो आणि मला रोज वाईट वाटतं. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायूच लुळे पडलेले रुग्ण, त्यांत मुलं खूप. बियर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशात नळी घालून पिशवीने हवा भरायला सुरुवात केली. एवढी यंत्रं होती कुठे? सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस हातांनी पिशव्या दाबल्या. आजचा अतिदक्षता विभाग त्या हातांतून उभा राहिला. व्हेंटिलेटर आज तेच करतो: औषध लागू पडेपर्यंत दमलेल्या छातीला विसावा देतो. आणि त्याच्याशेजारी डोळ्यांत तेल घालून बसलेली सिस्टर लागतेच.

निघताना १०८ लावा. झटके येत असतील, शुद्ध नसेल, तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका, कुशीवर निजवा. आणि पोचायच्या आधी आम्हाला फोन करा: "आठ महिन्यांचं बाळ, श्वास ६२, पाय गार, सकाळपासून लघवी नाही." एवढं कळलं की गाडी मोहोळ ओलांडेपर्यंत आमची सिस्टर ऑक्सिजन, सलाईन आणि सगळ्यात लहान मास्क काढून ठेवते.